चवथीचं पाणी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणाला वाटायला नको की हा आता आपल्या शौर्याची गोष्ट सांगणार. मला हायवेची भीती वाटते. मुंबई-गोवा रस्त्यावर मागून ट्रकचा हॉर्न आला की माझे हात हँडलला चिकटतात आणि डोळे आपोआप मिटतात. डोळे मिटून सायकल चालवणारा माणूस फार दिवस टिकत नाही, म्हणून मी रिकामे रस्ते शोधायला लागलो. आमच्या पेण-रोह्याकडे तसे रस्ते पुष्कळ. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कापून झालेली भातखाचरं, मध्ये बगळे, आणि तासभर चालवलं तरी समोरून एक माणूस येत नाही. मला तेच हवं असायचं. रिकाम्या रस्त्याला घाबरायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा जोडीदार मोझेस अष्टमकर. पेणच्या बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान होतं. बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातला ज्यू माणूस, मूळचा रोह्याजवळच्या अष्टमीचा. भाऊ डेव्हिड, बहीण रेबेका, चुलते, मावश्या, सगळे एकेक करून इस्रायलला गेले. हा राहिला. का राहिलास म्हटलं की म्हणायचा, "कुणीतरी आईच्या कबरीवरचं गवत काढायला नको?" लग्न केलं नव्हतं. शनिवारी तो कशालाच हात लावत नसे, म्हणून आमचा सायकलीचा वार रविवार. लोकांची घड्याळं सेकंदावर आणून देणारा हा माणूस, पण त्याच्या स्वतःच्या सायकलचा मडगार्ड वर्षानुवर्षं खडखडत होता. अर्ध्या मैलावरून कळायचं, मोझेस आला.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे. मी तेव्हा डोलवीला कंपनीत शिफ्टला जायचो. पौष महिना होता. सकाळच्या गाडीत सायकली चढवल्या (गार्ड ओळखीचा होता), रोह्याला उतरलो, मोझेसच्या आईची कबर साफ केली आणि सायकलवरून परत निघालो. भिसे खिंड उतरून नागोठण्याला आलो. तिथून पुढं हायवे. मी थांबलो.

"खाडीकडून जाऊ," मी म्हटलं. "खारदेवळीच्या बांधावरून. पुढं वडखळला निघता येतं."

"बांधावरून? भरती असली तर?"

मी हसलो. खारदेवळी माझं गाव. माझा बाप बाबाजी जन्मभर त्या बांधावर राबला. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा जो बाहेरचा बांध असतो, तोच आमच्याकडं सगळ्या गावाचा प्राण. बापानं मला पाढे शिकवायच्या आधी भरती शिकवली होती. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी मोझेसला ऐटीत म्हटलं, "काल बायकोची संकष्टी होती. म्हणजे आज पंचमी. पाचाचे पाऊणपट, पावणेचार. आता वाजले किती?"

त्यानं मनगट पाहिलं. "बाराला दहा कमी."

"मग? तू घड्याळाचा माणूस, मी पाण्याचा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझा बैल पुढं निघाला.

बांधाचा माथा हातभर रुंद. सायकल चालते, पण नजर चाकावर ठेवावी लागते. डावीकडं खाडी खाली गेलेली, तिच्या कडेला काळा, ओला, चकाकणारा गाळ. उजवीकडं ओसाड खाचरं. लांबवर डोलवीच्या कंपनीच्या चिमण्या दिसत होत्या, पण आवाज कसलाच नव्हता. मोझेस पुढं होता. मडगार्ड खडखडत होता. मला फार बरं वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे. त्या क्षणी मला कसलीच भीती वाटत नव्हती.

मग खडखड थांबली.

त्याचं पुढचं चाक बांधात शिरलं होतं. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, आतून पोखरलेलं भोक, वर मातीची पातळ खपली. सायकल तिथंच उभी राहिली आणि मोझेस तिच्यावरून खाडीच्या बाजूला फेकला गेला. उतारावरून घसरत पार खाली गेला आणि ओहोळाच्या तोंडाशी, जिथं गाळ सगळ्यात मऊ असतो, तिथं पायांवर उभा राहिला. उभा राहिला हेच चुकलं. गाळात आडवं पडायचं असतं. त्याला कुठून माहीत असणार? एक पाय काढायला गेला, दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला गेला, पहिला मांडीपर्यंत.

"हलू नको!" मी ओरडलो आणि खाली उतरलो. पोटावर सरपटत त्याच्यापर्यंत गेलो. त्याचे दोन्ही हात धरून ओढलं. तो इंचभर वर आला आणि मी कोपरापर्यंत आत गेलो. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. असं किती वेळ चाललं कोण जाणे. हातानं त्याच्या मांडीभोवतीचा गाळ उपसला तर तेवढाच परत येऊन बसला. शेवटी आम्ही दोघं धापा टाकत एकमेकांकडं पाहत राहिलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हाका मारल्या. आवाज खाडीवरून पलीकडं गेला आणि तिकडंच राहिला. किती निवांत रस्ता म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो, तो तसाच निवांत पडला होता.

"किती वाजले?" मी विचारलं.

त्यानं हात वर करून गाळ पुसला. "सव्वा."

पाणी वीसेक हातांवर होतं आणि आमच्याकडं येत होतं. मी मनात हिशेब केला. भरती पावणेचारला. पाणी मोझेसपर्यंत यायला अडीच वाजतील. गाव दोन मैल. जाऊन माणसं घेऊन यायला वेळ होता, पण बसून राहायला नव्हता.

मी बांधावर जाऊन त्याच्या सायकलचा हवेचा पंप काढला आणि त्याच्यापासून दोन हातांवर, पाण्याच्या बाजूला गाळात उभा रोवला. "पाणी या पंपाला लागायच्या आत मी परत येतो. अडीचच्या आत. हलू नको, मागं रेलून राहा."

"जाऊ नको," मोझेस म्हणाला.

"अरे, गेल्याशिवाय—"

"पुंडलिक, जाऊ नको." त्यानं माझं मनगट धरलं. बारीक स्क्रू फिरवणारी बोटं ती, पण एवढी ताकद त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. त्याचे डोळे मोठे झाले होते. "सगळे येतो म्हणूनच गेले रे."

मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. आयुष्यात मी पुष्कळ लाजिरवाणी कामं केली आहेत. त्यातलं हे सगळ्यात अवघड होतं.

त्या दोन मैलांत मी दोनदा पडलो. चाकाखाली आणखी एखादं भोक असेल ही भीती, जोरात गेलो तर मीही खाली जाईन ही भीती, सावकाश गेलो तर त्याचं काय ही भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. माझ्या मागं तीन होते. शिवाय एक मोठी भीती होती, ती गावाची. मी खारदेवळी सोडून बारा वर्षं झाली होती. त्या काळात बांध दोनदा फुटला. दर घरटी एक माणूस बांधावर जायचा रिवाज. आमच्या घराचा माणूस दोन्ही वेळा आला नाही. मी पहिल्यांदा पेणला मिठाच्या वखारीत होतो, दुसऱ्यांदा सेकंड शिफ्टला. आता कुठल्या तोंडानं हाक मारायची?

गावात दुपारची सामसूम होती. तरणे सगळे कामावर. पहिल्याच ओट्यावर काळुराम बसला होता, बापाच्या बरोबरीचा.

"काका, माणूस रुतलाय! बाहेरच्या बांधाला, ओहोळाशी!"

"कोन रं तू? बाबाजीचा पुंडलिक का?" तो डोळे बारीक करून म्हणाला. "कोन रुतलाय?"

"मोझेस. पेणचा. घड्याळवाला."

"तो कशाला गेला तिकरं?"

"सायकलनं..."

"सायकलनं? बांधावर?" काळुराम उठला, धोतर सावरलं. "थांब, रघूला उठवतो. नाइट करून निजलाय. जनीच्या घरा दोर हाय काय बघतो..."

तो येणार नव्हता असं नाही. सगळेच आले असते. पण विचारत विचारत आले असते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पंप होता. मी खाली पाहिलं. माझ्या विजारीला बांधाचा गाळ मांडीपर्यंत थापलेला. मी तो दोन्ही हातांनी निपटला, त्याचा गोळा केला आणि डोक्यावर धरला.

खारपट्टीतल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की बातमी आणणारा बांधाचा ओला गोळा हातात घेऊन येतो. गोळा पाहिला की कुणी प्रश्न विचारायचा नाही. कोण, कुठं, कशी, काही नाही. धावायचं. आणि खोटा गोळा आणणाऱ्याला गाव सोडत नाही. पुढच्या उधाणाला त्यानं एकट्यानं बांधावर बसून पाणी राखायचं, बांध राहो की जावो.

"खांड!" मी ओरडलो. "खांड गेली! ओहोळाशी!"

काळुरामचं तोंड उघडं राहिलं ते तसंच ठेवून तो पळत सुटला. दारं उघडली. बायका पेंढ्याच्या गुंड्या डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या, कुणी घमेली, कुणी फळ्या, कुणी दोर. रघू उघडाच धावत आला, डोळ्यांत झोप. सगळ्यांच्या पुढं धोंडुबाई. सत्तरीची, काठीसारखी वाळलेली, पण बांधाचा शब्द तिचा. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लुगडं वर खोचून चालायला लागली. कुणीही मला काही विचारलं नाही. मी सायकल टाकली आणि त्यांच्याबरोबर धावलो. खोटं बोललो होतो आणि छाती फुटेस्तोवर धावत होतो, आणि देवाला म्हणत होतो, अडीच वाजू देऊ नको.

बांधाच्या वळणावरून ओहोळ दिसला. पंप दिसत नव्हता. ओहोळाच्या तोंडाशी पाणीच पाणी होतं आणि त्यात एक डोकं होतं. मागं टाकलेलं, तोंड आभाळाकडं. आणि एक हात सरळ वर, मनगटावर घड्याळ.

"खांड कंय हाय?" रघू ओरडला.

"तो बघा!" मी बोट दाखवलं. "तोच! माणूस बुडतोय!"

क्षणभर सगळे थांबले. धोंडुबाईनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मग ती म्हणाली, "फल्या टाका."

खांड बुजवायला जे लागतं तेच गाळातला माणूस काढायला लागतं, हे मला आधी सुचलं होतं असं सांगायला आवडलं असतं. तसं नाही. फळ्या पाण्याखाली गाळावर अंथरल्या, त्यावर पेंढ्याच्या गुंड्या दाबल्या. रघू आणि जनी त्यावर पोटावर झोपले. दोर मोझेसच्या काखेतून गेला. रघूनं पाण्याखाली बुडी मारून त्याच्या पायाशी हात घातला, वर आला, पुन्हा बुडी मारली. पाणी मोझेसच्या ओठांना लागत होतं. तो फुंकर मारल्यासारखं ते बाहेर टाकत होता. आम्ही दोर धरला होता, अकरा जण, त्यात सात बायका. धोंडुबाई मोजत होती. हिसका मारायचा नाही, नुसतं ताणून धरायचं. पाणी ओठांवरून नाकाशी आलं. आता गेला, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

मग काहीतरी सुटलं आणि आम्ही सगळे मागं पडलो.

त्याला बांधावर आणून निजवला. एका पायात बूट नव्हता. ओठ निळे. त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर जे उमटलं ते आनंदाचं नव्हतं. तो चकित झाला होता.

"तू आलास?" तो म्हणाला.

मी त्याच्या हातातलं घड्याळ पाहिलं. अडीचला पाच कमी.

म्हणजे मी वेळेत होतो. मग पाणी? "पाणी एवढं आलं कसं?" मी मोठ्यानं म्हटलं. "आज पंचमी. भरती पावणेचारला."

"कंची पंचमी?" धोंडुबाई म्हणाली. "आज चवथ हाय. तिनाची भरती."

"काल संकष्टी होती ना!"

"उपास चांद उगवताना चवथ असंल त्या दिसाचा. काल सांजची लागली चवथ. पानी तिथीवर चालतं बाबा, सकाली सूर्य उगवला तवा तिथी कंची ती धरायची. आज चवथ." ती माझ्याकडं पाहत राहिली. "बाबाजीचा पोर, आणि बायकोच्या उपासावर भरती काढतो?"

मोझेस पलीकडं खोकत होता. त्याला ऐकू गेलं नसावं. मी त्याला सांगितलंही नाही. तेव्हा धीर झाला नाही.

रघूनं मोझेसची सायकल ओढून काढली, तेव्हा चाकाखालचं भोक मोठं दिसलं. आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. अमावास्येच्या उधाणाला ते फुटलंच असतं. पेंढा होता, घमेली होती, माणसं होती, तिथल्या तिथं भोक बुजवलं. काळुराम म्हणाला, "म्हंजे खांड खोटी नाय."

"त्याला भोक ठावं होता काय?" धोंडुबाईनं विचारलं. मी मान हलवली. "मग खोटीच. अमावास्येला येऊन बस."

मोझेस चार दिवस तापानं पडला. मी रोज जायचो. चंद्रावतीनं, माझ्या बायकोनं, दिलेली पेज द्यायचो, तो घ्यायचा, आभार मानायचा. आभार! इतक्या वर्षांत त्यानं माझे कधी आभार मानले नव्हते. रेबेकाचं पत्र उशाशी होतं, कायमचा ये म्हणून. ते पाकीट पूर्वी कधी उशाशी दिसलं नव्हतं. मला सांगायचं होतं की मी शब्द मोडला नाही. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं की माझ्याच घमेंडीनं त्याला पाण्यात नेऊन उभा केला. मी रोज जायचो आणि रोज न सांगता परत यायचो.

अमावास्या गुरुवारी आली. मी रजा टाकली आणि दहाला बांधावर जाऊन बसलो, बुजवलेल्या भोकाशी. पाणी चढत होतं. सव्वाअकराच्या सुमाराला ते बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली आलं. एवढं पाणी मी लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. एकट्यानं कधीच नाही. पायाखालची ओली माती मधूनच बुडबुडा सोडायची. प्रत्येक बुडबुड्यावर मी टाच दाबून धरायचो. मी पोहणारा नाही. बांध गेला तर मी काय राखणार होतो? मैल मैल कुणी नव्हतं. त्या दिवशी मोझेस जवळजवळ तासभर असा होता, तेही गाळात रुतलेला आणि एकटा, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

मग लांबून खडखड ऐकू आली.

तो बराच अलीकडं उतरला आणि सायकल हातात धरून चालत आला. पावलं जपून टाकत होता. तोंड पांढरं पडलं होतं. हँडलला डबा अडकवला होता. पाण्याकडं न बघता तो माझ्यामागं दोन हातांवर, बांधाच्या आतल्या बाजूला बसला.

"तू आलास?" मी म्हटलं.

"वहिनींना विचारून आलो. आज अमावास्या, तू इथंच बसला असशील म्हणाल्या." त्यानं डबा उघडला. गूळ-खोबरं घातलेले पोहे होते, त्यांच्याकडचा नवसाचा मलिदा. "पाण्यात असताना आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोललो होतो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठून आणू? दोर ओढायला अकरा जण होते, त्यांना वाटीन म्हटलं."

मी मलिदा हातात घेतला आणि तो खाली ठेवून बोलायला लागलो. सगळं सांगितलं. संकष्टी, चवथ, पंचमी, पाऊणपट. माझ्या मूर्खपणामुळं पाणी पाऊण तास आधी आलं. मी त्याच्याकडं बघत नव्हतो, पाण्याकडं बघत बोलत होतो.

त्यानं डब्याला झाकण लावलं.

"पंप बुडाला तेव्हा दोनला पंधरा कमी होते," तो म्हणाला. "मी पाहिलं. मला वाटलं, हाही गेला. मग मी घड्याळ बघायचं सोडलं. नंतर नुसता हात वर धरून ठेवला, घड्याळात पाणी जाऊ नये म्हणून." त्यानं मनगटावरचं घड्याळ बाहीनं पुसलं. "तू किती वाजता आलास?"

"वर काढला तेव्हा अडीचला पाच कमी होते."

"आणि सांगून काय गेला होतास?"

"अडीचच्या आत."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, लोकांची घड्याळं तपासताना मोजायचा तसं. मग पुढं सरकून माझ्या शेजारी, पाण्याच्या बाजूला पाय सोडून बसला आणि माझं मनगट धरलं.

"म्हणजे तू वेळेवरच आला होतास," मोझेस म्हणाला, आणि रडायला लागला.

पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथं बसून होतो. दोघंही घाबरलेलो होतो. त्यानं मनगट सोडलं नाही आणि मीही सोडवलं नाही.